किल्ल्यात राहायचं, तेही मुलांसकट: राइनकाठचं बुर्ग श्टालेक यूथ हॉस्टेल

लहान मुलांना घेऊन युरोपला जाणाऱ्यांना मी एकच सांगते, देश मोजत बसू नका, एखादी अशी जागा शोधा जिथे मुलं दोन-तीन दिवस राहतील, पळतील, जिन्यांवरून वरखाली करतील आणि रात्री तिथेच झोपतील. आमच्यासाठी ती जागा म्हणजे जर्मनीत राइन नदीच्या काठावरचं बाखाराख गाव आणि त्या गावाच्या डोक्यावर उभा असलेला बुर्ग श्टालेक हा किल्ला. हा किल्ला तिकीट काढून बघायचा आणि फोटो काढून उतरायचा असा नाहीये, त्याच्यात यूथ हॉस्टेल आहे, म्हणजे रीतसर बुकिंग करून आपण किल्ल्यात राहायला जातो, सकाळी किल्ल्यात उठतो, नाश्ता तिथेच. आम्ही काही वर्षं माइंझला राहत होतो, आता परत कोथरूडला आलोय, आणि आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब मुलांना घेऊन या मे महिन्यात जर्मनीला चाललंय, त्यांना तोंडी सांगता सांगता वाटलं की नीट लिहूनच काढावं म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

मत आधीच सांगून टाकते, पाचपैकी पाच. चार तारे असलेल्या हॉटेलातल्या सोयी इथे नाहीत हे धरून पाचपैकी पाच, कारण मुलांसाठी जे लागतं ते सगळं आहे.

यूथ हॉस्टेल म्हणजे पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी असणार असं समजून आपल्याकडचे लोक हा पर्याय बघतच नाहीत. पण जर्मनीत शाळेतल्या मुलांच्या सहली आणि लहान मुलांची कुटुंबं हेच या हॉस्टेलांचं मुख्य गिऱ्हाईक असतं, फॅमिली रूम वेगळ्या असतात, अनोळखी माणसांबरोबर झोपायला लागत नाही. ही कल्पनाच मुळात एका शाळामास्तरांची. रिचर्ड शिरमान नावाचे शिक्षक १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते, वाटेत जोरदार वादळ आलं आणि एका गावातल्या शाळेत सगळ्यांनी रात्र काढली, तिथे त्यांना सुचलं की सुट्टीत शाळा रिकाम्या असतात तर मुलांना रात्रीपुरता निवारा द्यायला काय हरकत आहे. पुढे पहिल्या महायुद्धाच्या आधी आल्टेना गावच्या किल्ल्यात त्यांनी कायमचं हॉस्टेल सुरू केलं, जगातलं पहिलं यूथ हॉस्टेल म्हणून ते ओळखलं जातं, म्हणजे किल्ला आणि हॉस्टेल ही जोडी अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. पुण्यातल्या ट्रेकर मंडळींना वायएचएआय, म्हणजे यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया, माहीत असतंच, हिमालयातले त्यांचे ट्रेक आपल्या किती ओळखीच्यांनी केलेत, तर ती आपली संस्था आणि ही हॉस्टेलं चालवणारी जर्मन संस्था एकाच आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सदस्य आहेत. राहायला मेंबरशिप कार्ड लागतं, तुमच्याकडे आपल्याकडचं कार्ड असेल तर बुकिंगच्या वेळी तेच चालेल का हे आधी विचारून घ्या.

आता जायचं कसं. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे, एअरपोर्टवरून लोकल ट्रेनने माइंझ, आणि माइंझहून बाखाराखला जाणारी साधी रिजनल गाडी, ती राइनच्या डाव्या काठाने कोब्लेंझकडे जाते आणि माइंझपासून पाऊण तासाच्या आसपास लागतो. गाडीत चढलात की उजव्या हाताच्या खिडकीला बसा, नदी त्या बाजूला आहे. बिंगेन सोडलं की नदीच्या मधोमध एका छोट्या बेटावर एक बारीक उंच बुरूज दिसतो, त्याला उंदरांचा बुरूज म्हणतात, दुष्काळात गरिबांना उपाशी मारणाऱ्या एका बिशपला उंदरांनी तिथे जाऊन खाल्लं अशी दंतकथा आहे, आणि ही गोष्ट मुलांना गाडीतच सांगितली तर पुढचा सगळा रस्ता ती खिडकीला नाक लावून बसतात, हे मी खात्रीने सांगते. तिथून पुढे एकामागून एक किल्ले सुरू होतात, डोंगराच्या प्रत्येक वळणावर एक. बिंगेन ते कोब्लेंझ हा साधारण ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

सहा वर्षांखालच्या मुलांना तिथे ट्रेनला तिकीट लागत नाही. जर्मनीत राहणारे आपले लोक डॉइचलांड टिकेट नावाचं महिन्याचं तिकीट वापरतात, २०२३ च्या मे महिन्यात ते महिन्याला ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ पासून ६३, रिजनल गाड्या, ट्राम, बस सगळीकडे चालतं पण वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. बाखाराखची गाडी रिजनल आहे त्यामुळे इथे चालतं.

स्टेशनवर उतरल्यावर मात्र चढ आहे, आणि तो नीट समजून घ्या. गावातून जुन्या लाकडी पट्ट्यापट्ट्यांच्या घरांमधून चालत चर्चपाशी यायचं, चर्चच्या बाजूने दगडी पायऱ्या सुरू होतात, वाटेत वेर्नर चॅपल नावाचं छप्पर नसलेलं लाल दगडाचं पडकं देऊळ लागतं, तिथे मुलांना पाणी पाजायचं, दम खायचा, आणि मग वर किल्ला. मोठ्यांना पंधरा-वीस मिनिटं, मुलांबरोबर त्याच्या दुप्पट धरा. सिंहगड चढणाऱ्या घराला हा चढ म्हणजे काहीच नाही, पण सामान बरोबर असतं हा फरक आहे, म्हणून मोठी चाकाची बॅग नकोच, पाठीवरच्या सॅक घ्या, आणि बाबागाडीचा तर विचारच सोडून द्या. आमच्या धाकट्यासाठी पाठीवर बाळ बसवायची फ्रेमवाली सॅक होती, तिच्यात तो मजेत बसून आला आणि वरून बाबाच्या डोक्यावर द्राक्षाची पानं ठेवत होता. आपली किंवा भाड्याची गाडी असेल तर वर जायला गाडीचा रस्ताही आहे.

किल्ला आमच्या घरात सगळ्यांचा जिव्हाळ्याचा विषय, कारण नवरा कॉलेजपासून ट्रेकर, राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथारी टाकून झोपलेल्या पिढीतला. त्यामुळे वर पोचल्या पोचल्या चेक-इन बाजूला राहिलं आणि बापलेक आधी तटावरून फिरून आले. मुलीला तानाजीची गोष्ट आजोबांकडून इतक्या वेळा ऐकून पाठ होती की तिने पहिला प्रश्न केला, "बाबा, इथे डोणागिरीचा कडा कुठेय?" आणि मग त्याने तिला तो किल्ला अगदी आपल्या भाषेत समजावून सांगितला, की बघ, डोंगराची एक सोंड पुढे आलीये, तिच्या टोकावर किल्ला आहे, तीन बाजूंनी खाली उतार आहे म्हणून तिकडून शत्रू यायची भीती कमी, पण चौथ्या बाजूला सोंड मागच्या डोंगराला जोडलेली आहे, खरा हल्ला तिकडूनच येणार, म्हणून तिकडे सगळ्यात जाड भिंत आणि तिच्यापुढे खंदक. आणि त्या खंदकात खरोखर पाणी आहे! डोंगरावरच्या किल्ल्यांना पाण्याचा खंदक सहसा नसतो, आपल्याकडेही आणि तिकडेही, त्यामुळे हे बघण्यासारखं आहे. मुलगी त्या पुलावर उभी राहून बराच वेळ पाण्याकडे बघत होती आणि मग म्हणाली, "म्हणजे इथे घोरपड लावली असती तर ती आधी पोहली असती." हे असं मुलं स्वतःहून बोलायला लागतात ना, त्यासाठी जायचं, गाईडने माइकवर सांगितलेलं ऐकून हे होत नाही.

आणि हो, आता दिसतं ते सगळं बांधकाम जुनं नाहीये हेही सांगायला हवं. किल्ला बाराव्या शतकापासूनचा, पण १६८९ साली चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजांनी तो सुरुंग लावून उडवला आणि त्याच स्फोटाने खालचं ते चॅपलही मोडलं. नंतर सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ तो पडका होता, मग १९२५ पासून यूथ हॉस्टेल करायचं म्हणून जुन्या पायावर पुन्हा बांधायला घेतला, मुख्य गोल बुरूज तर दुसऱ्या महायुद्धानंतर पुरा झाला. १६८९ म्हटल्यावर आमच्या घरात एकदम शांतता झाली, कारण त्याच वर्षी मार्चमध्ये संभाजी महाराजांना औरंगजेबाने मारलं आणि वर्ष संपायच्या आत रायगड पडला. दोन जगांतले किल्ले एकाच वर्षी पडले, एकमेकांचा काही संबंध नसताना, हे मुलीच्या इतकं डोक्यात बसलं की परत आल्यावर तिने शाळेत वर्गात सांगितलं. आपले बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी, तेव्हा मला पहिल्यांदा बाखाराखच आठवलं. यादीतल्या किल्ल्याचा आजही कसा वापर करता येतो ते तिथे बघायला मिळतं, किल्ला झाडून पुसून ठेवलाय, पडलेल्या भिंती उभ्या केल्यात आणि त्याच्यात रोज माणसं राहतायत, शाळेची पोरं जेवतायत. राजगडाला तशी भिंत बांधा असं माझं म्हणणं नाही, अवशेष आहेत तसे जपणं हाही तितकाच मोठा विचार आहे, पण मुलांना किल्ल्यावर रात्री सुरक्षित झोपता यावं अशी एखादी सोय आपल्याकडेही पायथ्याशी का होईना सगळीकडे व्हावी असं मनापासून वाटतं.

खोली. बंक बेड, वरखाली पलंग, एक टेबल, कपाट, खोल खिडकी. एवढंच. टीव्ही नाही, फ्रिज नाही. चादरी आणि अभ्रे देतात, पण पलंगावर घालायचे आपण, आणि जाताना काढून खाली नेऊन द्यायचे, हा बहुतेक जर्मन यूथ हॉस्टेलांचा नियम आहे आणि मुलांना तो खेळ वाटतो, सात वर्षांच्या मुलीने तिची उशी स्वतः अभ्र्यात घातली. टॉवेल आपले घेऊन जा. बाथरूम आतच असलेली खोली हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच तसं सांगा, लहान मूल असेल तर रात्री कॉरिडॉरमधून जाणं नको. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कट्ट्यावर मूल आरामात पाय पसरून बसतं, आणि खिडकीतून थेट खाली राइन, दिवसभर मालवाहू लांबच लांब बोटी जात असतात, कुणी कोळसा, कुणी कंटेनर, कुणी वाळू. धाकटा त्या कट्ट्यावरून हलायलाच तयार नव्हता.

एक गोष्ट मात्र हलकी झोप असणाऱ्यांनी लक्षात घ्या, राइनच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे आणि मालगाड्या रात्रीही चालतात, तो आवाज दरीत घुमून वर येतो. हा सगळ्या खोऱ्याचाच प्रश्न आहे, तिथले गावकरी वर्षानुवर्षं त्यासाठी भांडतायत. आमची मुलं डबे मोजता मोजता झोपली, मला मात्र पहिल्या रात्री जाग येत होती, कानात घालायचे बोळे नेले तर बरं.

जेवणाबद्दल सगळेच विचारतात. नाश्ता राहण्याच्या पैशातच असतो आणि चांगला भरपूर असतो, चार प्रकारचे ब्रेड, चीज, लोणी, जॅम, दही, मुसली, फळं, चहा-कॉफी-कोको. संध्याकाळचं जेवण घ्यायचं असेल तर बुकिंग करतानाच सांगायचं आणि मुलं असतील तर सांगाच, कारण अंधार पडल्यावर मुलांना घेऊन गावात उतरून परत चढणं कठीण. जेवण लवकर असतं, सहाच्या सुमाराला, ते मुलांच्या दृष्टीने उत्तम. शाकाहारी आहोत असं आधी लिहिलं की सोय करतात, सूप, बटाटे, पास्ता, भाज्या, सॅलड, असं. आपल्या चवीचं नसतं, मीठ-मिरपूड एवढंच, म्हणून आम्ही लिंबाचं लोणचं, दाण्याची चटणी आणि भाकरवडी नेली होती, उकडलेल्या बटाट्यावर लोणी आणि दाण्याची चटणी घालून धाकट्याने दोन वाट्या खाल्लं. जेवून झालं की आपापले ताट-वाट्या गाडीवर नेऊन ठेवायच्या आणि टेबल पुसायचं. पुण्यातून सासूबाई आल्या होत्या त्यांना हे फार आवडलं, म्हणाल्या, "बघ, इथे सगळी पोरं कशी आपलं ताट उचलतात, आपल्याकडे शाळेत हे शिकवायला पाहिजे." खोलीत काही शिजवायला परवानगी नाही, इंडक्शन वगैरे नेऊ नका. बाळासाठी गरम पाणी किचनमध्ये मागितलं की हसत देतात.

आणि जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती आता. आम्ही एरवी युरोपात हॉटेलांत राहिलोय, एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात, नाव घेत नाही, मुलाने खोलीत दोन उड्या मारल्या तर खालून फोन आला होता आणि नाश्त्याच्या वेळी शेजारच्या टेबलावरचे लोक उठून दुसरीकडे जाऊन बसले होते. मुलांना सतत शू, हळू, पळू नको, हात लावू नको करत सुट्टी घालवणं म्हणजे मुलांनाही शिक्षा आणि आईवडिलांनाही. इथे तसं होत नाही कारण इथे सगळ्यांचीच मुलं असतात. अंगणात दगडी फरशी, भोवती तट, गाड्या नाहीत, पोरं सुटतात आणि आपण कट्ट्यावर चहा घेऊन बसतो. नेदरलँड्सचं एक कुटुंब, एक जर्मन कुटुंब, आम्ही, भाषा वेगवेगळ्या पण मुलांना काही फरक पडत नाही, पहिल्या अर्ध्या तासात सगळे मिळून शत्रू कुठून येणार ते ठरवत होते. तटाचा कठडा कुठे कुठे ठेंगणा आहे, खाली खोल आहे, तेव्हा तीन-चार वर्षांच्या मुलाकडे नजर ठेवायलाच लागते, मोठी मुलं सांभाळून असतात.

आम्ही गेलो तेव्हा नेमकी दिवाळी होती. जर्मनीत शाळा सक्तीची आहे म्हणजे अगदी खरी सक्तीची, सुट्टी नसताना मुलाला शाळेतून काढून फिरायला नेलं तर दंड होऊ शकतो, त्यामुळे तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांचं सगळं फिरणं शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेलं असतं, भारतातलं लग्न असो नाहीतर आजोबांची पंचाहत्तरी. माइंझ आणि बाखाराख ज्यात येतात त्या ऱ्हाइनलांड-प्फाल्त्स राज्यात ऑक्टोबरमध्ये शरदातली सुट्टी असते, त्या वर्षी लक्ष्मीपूजन त्या सुट्टीत आलं. मुलीला पुण्याच्या अंगणात चुलतभावांबरोबर किल्ला करायला मिळत नाही म्हणून वाईट वाटायचं, आजीने येताना कुंभारवाड्यातून मातीचे मावळे आणले होते, ते आम्ही सॅकमध्ये मोज्यांत गुंडाळून वर नेले. किल्ल्याखालच्या उतारावर सगळीकडे द्राक्षांचे मळे आहेत आणि माती म्हणजे पाटीच्या दगडाचे चपटे काळे तुकडे, लहानपणी आपण ज्याच्यावर पेन्सिलीने लिहायचो तोच दगड. हा दगड दिवसा ऊन धरून ठेवतो आणि रात्री सोडतो, म्हणून इतक्या उत्तरेलाही द्राक्षं पिकतात. पोरांनी वाटेवरून ते तुकडे गोळा केले आणि तटाच्या आतल्या कोपऱ्यात किल्ला रचला, पाटीच्या तुकड्यांची तटबंदी एकावर एक, काड्यांचा दरवाजा, शेवाळाची बाग, मुलीने मावळे कुठे उभे करायचे ते खुणांनी सांगितलं आणि त्या जर्मन मुलाने आपल्या खिशातला प्लॅस्टिकचा सरदार आणून बुरुजावर बसवला. खोलीत पणती लावायची परवानगी नसते, बरोबरच आहे, आत सगळं लाकूड, तर आम्ही बॅटरीवरचे दिवे नेले होते ते त्या किल्ल्याभोवती लावले. सासूबाईंनी सगळ्या मुलांना एकेक भाकरवडी दिली. आमच्या मुलांची ती सगळ्यात चांगली दिवाळी झाली असं ती दोघंही अजून सांगतात.

दिवसा काय करायचं. बाखाराखच्या धक्क्यावरून केडी कंपनीच्या बोटी सुटतात, ही कंपनी १८२६ पासून राइनवर बोटी चालवतेय, हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, त्यांची एक जुनी चाकांची बोट आहे गोएथे नावाची, १९१३ ची, वेळापत्रकात ती असेल तर तिच्यातच बसा, मुलांना मोठी चाकं पाणी उडवत फिरताना बघायला मिळतात. बोटीने काउबला उतरायचं. तिथे नदीच्या मधोमध फाल्त्सग्राफेनश्टाइन नावाचा पांढराशुभ्र किल्ला आहे, चौदाव्या शतकात निव्वळ जकात वसूल करायला बांधलेला, नदीत साखळी टाकून जहाजं अडवायचे आणि पैसे भरल्याशिवाय सोडायचे नाहीत. छोट्या होडीने तिथे जावं लागतं, नदीला पूर असला की ती बंद असते, आधी बघून घ्या. छोटासा आहे, तासाभरात होतो, मुलांना अगदी योग्य. अजून पुढे गेलात तर लोरेलाय हा नदीच्या वळणावरचा उंच कडा येतो, बोटीतूनच छान दिसतो, वर जायची गरज नाही असं माझं मत. खरा, कधीच न पाडला गेलेला किल्ला बघायचा असेल तर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग, मध्य राइनवरचा डोंगरावरचा तो एकच असा आहे, पण तिथे गाईडबरोबरच फिरायला लागतं, चार वर्षांखालच्या मुलाला तेवढा धीर नसतो, तेव्हा आईवडिलांपैकी एकाने मोठ्या मुलाला घेऊन जावं.

एका दिवसात एकच गोष्ट करा. सकाळी बोट, दुपारी परत येऊन झोप, संध्याकाळी अंगण. बाखाराख गावही छोटं आहे, शेकडो वर्षं जुनं अल्टेस हाउस नावाचं लाकडी पट्ट्यांचं घर, गावाची जुनी वेस, तिचे बुरूज, आइसक्रीमचं दुकान, झालं. ऑक्टोबरमध्ये कांद्याचा गरम केक मिळतो गावात, तो खाऊन बघा, बऱ्याचदा त्याच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात म्हणून विचारून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर नक्की आकडा इथे लिहीत नाही कारण तो खोली, हंगाम आणि मुलांच्या वयावर बदलतो. पण हिशोब करताना नुसता खोलीचा दर हॉटेलच्या दराशी लावू नका. इथे नाश्ता आत आहे, संध्याकाळचं जेवण घेतलं तर तेही बाहेरच्यापेक्षा बरंच स्वस्त, मुलांना वयाप्रमाणे सवलत. चौघांचं दोन वेळचं बाहेर खाणं जर्मनीत किती होतं हे ज्यांनी बिल भरलंय त्यांना माहीत आहे.

बुकिंग लवकर करा, शक्यतो चार-पाच महिने आधी. आपल्या मेच्या सुट्टीत जाणार असाल तर तिकडे तेव्हा शाळांच्या सहलींचा हंगाम असतो, मधल्या वारांना एखादी पन्नास पोरांची सहल असू शकते, रात्री दहापर्यंत गडबड असते. शिवाय ईस्टरनंतरच्या जोडसुट्ट्या त्याच दिवसांत येतात, तेव्हा शनिवार-रविवार भरलेले असतात. ऑक्टोबरचे दिवस मला जास्त आवडतात, मळे पिवळे होतात, द्राक्षांची तोडणी चालू असते, गर्दी कमी, पण मुलांना थर्मल आणि वाऱ्याचं जॅकेट लागतं, किल्ल्यावर वारा असतो.

आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल आणि गुडघे दुखत असतील तर बाखाराखचा हट्ट धरू नका. सासूबाई पर्वती रोज चढणाऱ्या, त्यांना जमलं. ज्यांना जमणार नाही त्यांनी कोब्लेंझला जावं, तिथे एरेनब्राइटश्टाइन या प्रचंड मोठ्या किल्ल्यातही यूथ हॉस्टेल आहे आणि गावातून राइन ओलांडून वर जायला रोपवे आहे, त्याचा पाळणा मुलांनाही भारी वाटतो. श्टालेकसारखं आटोपशीर आणि घरगुती नाही पण सोय चांगली. न्यूर्नबर्गकडे जाणार असाल तर तिथल्या शाही किल्ल्याच्या जुन्या तबेल्यातही यूथ हॉस्टेल आहे, आणि ते तर शहरातच.

व्हिसाचं एक सांगते, पुण्यातून जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, आणि सहा वर्षांखालच्यांना फी नाही, सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. अर्जाला राहण्याच्या जागेचं बुकिंग जोडावं लागतं, यूथ हॉस्टेलचं कन्फर्मेशनही त्यात जोडता येतं, फक्त त्याच्यावर मुलांसकट सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे आली आहेत ना ते बघा. हॉस्टेलला मेल करताना मुलांची वयं, शाकाहारी जेवण, बाथरूम आत असलेली खोली आणि नदीकडची खिडकी हे चारही एकाच मेलमध्ये लिहा, इंग्रजीत लिहिलं तरी चालतं.